पन्नास सीसीची हरवलेली पायरी

पुतण्याचा परवाना गेल्या आठवड्यात टपालाने घरी आला. पोरानं पाकीट दारातच फाडलं, कार्ड शर्टाच्या बाहीला पुसलं आणि आधी आजीला दाखवलं. आजीला फोटो आवडला. मी कार्डावरची अक्षरं वाचली. एमसीडब्ल्यूजी. गिअरची मोटारसायकल चालवायची परवानगी. कोणती मोटारसायकल, हे कार्ड सांगत नाही. बापाची ९७ सीसीची जुनी गाडी चालते, आणि उद्या कुणी हजार सीसीची आणून उभी केली तर तीही चालते. वय अठरा पूर्ण, शिकाऊ परवाना काढून महिना झालेला, ताकदीला मर्यादा काहीच नाही.

संध्याकाळी त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. ‘काका, ही बघा.’ नारिंगी रंगाची, ३९० नावाची गाडी. बघायला देखणी, यात वाद नाही. ‘पप्पांना तुम्ही सांगा, तुमचं ऐकतात.’

मी सांगणार नाही. आणि का सांगणार नाही, ते त्याच्याबरोबर भोर-वेल्ह्यातल्या सगळ्या आई-बापांना, मामा-काकांना ऐकू जावं म्हणून इथे लिहितोय. नव्या परवान्याला गाडीच्या ताकदीची मर्यादा हवी. पहिली दोन वर्षं तरी हवीच. सरकार घालेल तेव्हा घालेल, घरानं ती आजच घालावी.

ती नारिंगी गाडी बनते कुठे? आपल्याच पुणे जिल्ह्यात, चाकणला. बजाजने २००७ साली ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला आणि २०११ पासून चाकणच्या कारखान्यातून ‘ड्यूक १२५’ ही छोटी मोटारसायकल युरोपला जाऊ लागली. ती १२५ सीसीचीच का? तिची ताकद बरोबर ११ किलोवॅटच का? कारण तिकडे सोळा-सतरा वर्षांच्या नवशिक्या पोरांना कायदा तेवढीच गाडी देतो. त्या परवान्याचं नाव ए-१. इंजिन १२५ सीसीपर्यंत, ताकद ११ किलोवॅटपर्यंत, आणि गाडीच्या दर किलो वजनामागे ०.१ किलोवॅटच्या आत. त्याच्या वरची पायरी ए-२, तिथे मर्यादा ३५ किलोवॅटची आणि किलोमागे ०.२ ची. आता केटीएमचीच ३९० बघा. ताकद ३२ किलोवॅटच्या आसपास. म्हणजे चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडते तीच मुळी ए-२ च्या चौकटीत बसवलेली. २०२३ मध्ये आलेली ट्रायम्फची ४०० सीसीची गाडीही चाकणलाच बनते, आणि तीही ए-२ मध्ये बसते.

मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. परदेशातल्या पोरांचा जीव वाचावा म्हणून मोजूनमापून ताकद ठरवलेली गाडी आपली माणसं, आपल्या जिल्ह्यात, आपल्या हातांनी जोडतात. बोटीतून ती तिकडे जाते तेव्हा तिच्यासोबत परवान्याची पायरी असते. तीच गाडी चाकणहून नव्वद-शंभर किलोमीटरवर भोरला येते तेव्हा पायरीबियरी काही नाही. कालच परवाना मिळालेल्या पोराच्या हातात किल्ली पडते आणि पेढे वाटले जातात.

युरोपात ही पद्धत १९ जानेवारी २०१३ पासून सगळ्या सदस्य देशांत लागू आहे. मोठी गाडी घ्यायचीच असेल तर तीही घेता येते, पण ३५ किलोवॅटवर बांधून. मूठ पूर्ण फिरू नये म्हणून आत अटकाव बसवतात, किंवा इंजिनाकडे हवा जाते त्या वाटेत बारीक भोकाची चकती घालतात, किंवा गाडीच्या कॉम्प्युटरमध्येच तशी सोय करतात. मूळ गाडी ७० किलोवॅटच्या वरची असेल तर बांधूनही चालत नाही. दोन वर्षं त्या गाडीवर काढायची, मग पुढच्या परवान्याला जायचं, मग अटकाव काढायचा. गाडी तीच राहते आणि दोन वर्षांत माणूस तिच्याजोगता होतो. ब्रिटनमध्ये शिकाऊ चालकाला मागे कुणाला बसवताच येत नाही. ऑस्ट्रेलियात ६६० सीसी आणि टनामागे १५० किलोवॅट अशी दुहेरी मर्यादा आहे. प्रत्येकानं आपापल्या रस्त्याप्रमाणे आकडा ठरवला.

आपल्याकडेही पायरी होती. कागदावर अजून आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं चौथं कलम सांगतं की अठराच्या आत सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायची नाही. मात्र इंजिन ५० सीसीपर्यंतचं असेल तर सोळा पूर्ण झालेल्याला मोटारसायकल चालवता येते. हे कलम आभाळातून पडलेलं नव्हतं. त्या काळी ५० सीसीची गाडी घरोघर होती. लुना. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये आणलेली, पायडलची. पेट्रोल संपलं की पायडल मारत घरी यायचं. भोरच्या बाजारपेठेत मास्तर, पोस्टमन, एलआयसी एजंट, मंडईत भाजी आणणारा, सगळे लुनावर. अकरावीतला मुलगा आधी तिच्यावर शिके. ती पळून पळून किती पळणार? पडला तरी गुडघा फुटे, आयोडीन लावून दुसऱ्या दिवशी शाळेत. त्यानंतर दूधवाल्यांची लाडकी एम-८० आणि मग मोठी गाडी. ही पायरी कुणी आखली नव्हती, गाड्यांच्या ताकदीमुळे ती आपोआप पडली होती.

लुना बंद झाली. आज भोरच्या, नसरापूरच्या शोरूममध्ये जाऊन ५० सीसीची पेट्रोलची गाडी मागा, मिळणार नाही. कायद्यातली पायरी तशीच आहे, तिच्यावर ठेवायला गाडी नाही. बॅटरीवरच्या गाड्या आल्या, पण त्यांची मोजणी सीसीत होतच नाही. २५० वॉटच्या आतली, ताशी २५ च्या पुढे न जाणारी बॅटरीची गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नव्हे. तिला ना परवाना लागतो ना नंबरप्लेट. ती पुण्याच्या सोसायटीत ठीक. पाबे घाटाच्या चढाला दोन माणसं घेऊन ती कशी चढणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये लुना विजेवर परत आली, ताशी पन्नासपर्यंत जाणारी. आमच्या रस्त्यांना ती शोभते. पण सोळा वर्षांच्या मुलाला ती कोणत्या कलमाखाली द्यायची? कलम सीसी विचारतं आणि मोटरला सीसी नसतात.

मधली पायरी गेली की पोरं खालच्या पायरीवरून थेट वर उडी मारतात. सोळाव्या वर्षी बापाची शंभर-सव्वाशे सीसीची गाडी, विनापरवाना. अठराव्या वर्षी दोनशे, साडेतीनशे, चारशे, परवान्यासह. विनापरवान्याची शिक्षा काय ते २०१९ च्या दुरुस्तीनं लिहून ठेवलंय. कलम १९९-अ. मुलानं गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. या शिक्षेला माझा विरोध नाही. पण मुलाकडे शिकाऊ परवाना असेल आणि तो त्याला परवानगी असलेलीच गाडी चालवत असेल, तर हेच कलम पालकाला सोडतं. म्हणजे कायद्यानं एक सरळ वाट ठेवली होती, तिच्यावर चालवायची गाडीच बाजारातून गेली. उरली ती फक्त शिक्षा.

शहरातला माणूस म्हणेल, मुलाला गाडी देताच कशाला? त्याला एकदा केळदला न्यायला हवं. किंवा वेल्ह्याच्या पलीकडे कुठल्याही वाडीवर. (तालुक्याचं नाव आता राजगड. २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. आम्हाला अभिमान आहेच, पण तोंडात अजून वेल्हंच बसलंय.) एसटीच्या फेऱ्या मोजक्या. २०२१-२२ च्या संपात तर चार-पाच महिने त्याही नव्हत्या, आणि त्याच काळात अनेक घरांत कर्ज काढून दुचाकी आली. सकाळी दुधाची किटली डेअरीला, मग कॉलेज, मग शिरवळच्या नाहीतर खेड शिवापूरच्या कंपनीत पाळी, आठवड्यातून एकदा आजी मागे बसून वेल्ह्याच्या किंवा भोरच्या दवाखान्यात. इथे मोटारसायकल म्हणजे घरातला एक बैल आहे. तिच्यावर बंदी मागणारा माणूस आमच्यातला नाही. मीही बंदी मागत नाही.

मी मागतो मर्यादा. आणि का मागतो, ते घाटात कळतं.

जुलैत पुतण्याला घेऊन पाबे खिंड उतरलो. तो पुढे, मी मागे, पुढे-मागे लाल ‘एल’. पांढऱ्यावर लाल अक्षर, अठरा सेंटिमीटरची चौकोनी पाटी, नियमात आहे तशी घरी पुठ्ठा कापून केलेली. वरून तोरणा दिसायला हवा होता, पण सगळा ढगात होता. खिंड ओलांडल्यावर पोरानं सवयीनं टाच मारून गाडी न्यूट्रल केली. बाप तसंच करतो, आमच्याकडे सगळेच तसं करतात. उताराला पेट्रोल कशाला जाळायचं? गाडी सुटली. पहिल्या वळणाला त्यानं ब्रेक दाबला, दुसऱ्याला दाबूनच ठेवला, तिसऱ्याच्या आधी मागच्या चाकातून जळकट वास आला. ड्रम ब्रेक तापला होता. मी म्हटलं, थांबव. थांबली, पण तिला हवी तेवढी जागा घेऊन थांबली. पोराचा चेहरा उतरला.

मग दुसऱ्या गिअरात टाकायला लावली. मूठ सोडून दे, म्हटलं, आता इंजिनच धरेल. इंजिन घुमलं, गाडी आपसूक आवरली गेली, आणि पुढची चार वळणं त्यानं ब्रेकला नुसता हात लावून काढली. ‘काका, ही तर स्वतःच थांबतीय.’ हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. गंमत म्हणजे नियमात आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत परवान्याच्या परीक्षेत काय काय बघावं याची यादी आहे. त्यात उताराला वेळेवर खालचा गिअर टाकणं आहे, चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणं आहे. पोराची परीक्षा मात्र सपाट जागेवर झाली. आठचा आकडा काढला, पाय टेकवला नाही, पास.

खाली भातखाचरांपाशी पोचलो तर चिखलणी चालू होती. एका खाचरातून दुसऱ्यात जाताना लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर रस्त्यावरून गेला होता आणि डांबरावर हातभर रुंदीचे चिखलाचे पट्टे ओढून गेला होता. त्यावर भुरभुर पाऊस. साबण लावलेल्या फरशीसारखा रस्ता. आमची गाडी त्यावर जरा हलली, पोरानं मूठ किंचित जास्त दिली होती म्हणून. मागचं चाक एक वीत बाजूला गेलं आणि परत आलं. इंजिनातच जोर नव्हता म्हणून परत आलं. साधारण सहा किलोवॅटची गाडी, एकशेबारा किलो वजनाची. तिच्या जागी ३९० असती तर? वजनाच्या हिशेबात तिची ताकद साडेतीन पट. तीच किंचित जास्त दिलेली मूठ, तेच चिखलाचे पट्टे, आणि मागे मी.

नवशिक्याची चूक मनगटात असते. घाबरला की तो मूठ घट्ट धरतो, आणि घट्ट धरताना ती पिळली जाते. हे प्रत्येकाचं होतं, तुमचं-माझंही झालंय. छोट्या गाडीवर ही चूक झटका देऊन जाते. मोठ्या गाडीवर ती चूक पूर्ण व्हायच्या आत गाडी पुढच्या वळणावर पोचलेली असते.

आमच्या शेजारच्या गावच्या एका पोराचं असंच झालं. जमिनीचे पैसे आले होते, परवाना नवा होता, मोठी गाडी घरात आली. दोन महिन्यांनी विंझरच्या अलीकडे दुधाच्या टेम्पोला ओव्हरटेक करायला गेला. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा पायात सळई होती. ‘काका, मी वेगात नव्हतोच,’ तो म्हणाला, आणि मला वाटतं तो खरं बोलत होता. ‘टेम्पोच्या मागं होतो तोवर तिशीतच होतो. सेकंडला जरा पिळली. जुन्या गाडीनं टेम्पो पार करायला वेळ लागायचा, त्या वेळात पुढचं दिसायचं. हिनं टेम्पो टाकला मागं आणि वळण आलंच.’ वळणावर खडी होती. एवढीच गोष्ट. पोरगा टवाळ नव्हता, प्यायलेला नव्हता, स्टंट करत नव्हता. जुन्या गाडीचा हिशेब डोक्यात ठेवून तो नवी चालवत होता. डोक्यातला हिशेब बदलायला वेळ लागतो आणि तो वेळ त्याला कुणी दिला नव्हता.

तो वाचला, कारण हेल्मेट होतं. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची, शंभरातली चव्वेचाळीस. त्याच वर्षी ५०,०२९ मृतांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हे केंद्र सरकारचेच आकडे. शहरात डोकं फुटलं तर दहा मिनिटांत मोठं हॉस्पिटल. केळदहून पुण्याचं ससून सत्तर-ऐंशी किलोमीटर, मध्ये घाट नाहीतर हायवे. आमच्या पोरांना चूक परवडतच नाही, म्हणून आमच्या पोरांना पायरी जास्त हवी.

वेगाचं गणित शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलंच आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. ताशी चाळीसला एका सेकंदात गाडी अकरा मीटर जाते, ऐंशीला बावीस. रस्त्यावर म्हैस आडवी आली हे डोळ्यांना दिसून हाताला कळेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. बावीस मीटर म्हणजे आमच्या मराठी शाळेच्या व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ब्रेक त्यानंतर लागायला सुरुवात होते. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, हे फार चांगलं झालं. पण एबीएस चाक अडकू देत नाही इतकंच. वळण किती लांब आहे, ते बघणं माणसालाच शिकावं लागतं.

आता सरकारकडे वळतो. कारण घरानं करायचं ते घर करील, पण प्रत्येक घर करणार नाही.

ताकदीप्रमाणे धोका वाढतो, हे सरकारला कळत नाही असं कुणी म्हणू नये. थर्ड पार्टी विम्याचे दर बघा. रस्ते वाहतूक मंत्रालयानं १ जून २०२२ पासून लागू केलेले दर असे: ७५ सीसीपर्यंतच्या दुचाकीला ५३८ रुपये, १५० पर्यंत ७१४, ३५० पर्यंत १,३६६ आणि त्याच्या वर २,८०४. म्हणजे साडेतीनशेच्या वरच्या गाडीचा विमा शंभरच्या गाडीच्या जवळजवळ चौपट. विजेच्या गाड्यांना तर किलोवॅटप्रमाणे दर आहेत, ३ पर्यंत, ७ पर्यंत, १६ पर्यंत आणि त्याच्या वर. किलोवॅट मोजता येतात, त्यांचे टप्पे पाडता येतात, आणि ते गाडीच्या कागदांवरून तपासता येतात, हे त्याच मंत्रालयानं करून दाखवलंय. पैसे घेताना चार टप्पे आणि परवाना देताना एकही नाही, हे मला मान्य नाही. विम्याच्या कोष्टकात आहे तेवढी अक्कल परवान्याच्या कार्डावर यायला हवी.

माझी मागणी साधी आहे. परवाना मिळाल्यापासून पहिली दोन वर्षं ११ किलोवॅट, म्हणजे साधारण पंधरा हॉर्सपॉवर. आकडा मी युरोपातून उचलला, कारण चाकणच्या कारखान्याला तो आधीच पाठ आहे. पण तो आमच्या तालुक्याला बसतो का, ते एकेक गाडी घेऊन तपासलं. दूध वाहणारी ९७ सीसीची बसते. सव्वाशेची बसते. सगळ्या रोजच्या स्कूटरी बसतात. दीडशे सीसीची पल्सरसुद्धा बसते. कुणाची किटली अडत नाही, कुणाची पाळी चुकत नाही, कुणाची आजी दवाखान्याविना राहत नाही. बाहेर राहतात त्या दोनशेच्या पळणाऱ्या गाड्या, ३९०, आणि हो, बुलेटही. साडेतीनशेची बुलेट वीस हॉर्सपॉवरची असते. बुलेट आमच्याकडे मानाची गाडी, लग्नात देतात, तिच्यावर हार घालतात. ती दोन वर्षं दारात उभी राहिली तर तिचा मान कमी होत नाही. बापानं चालवावी.

सोळा ते अठराची पायरी किलोवॅटमध्येच नव्यानं लिहावी, घाट चढेल एवढी ताकद आणि ताशी चाळीस-पंचेचाळीसला थांबेल एवढा वेग धरून. आणि परीक्षा चढ-उतारावर व्हावी. तालुक्याच्या परवाना-शिबिराला जागा सापडत नसेल तर आमच्याकडे चढांना तोटा नाही.

मागे कुणाला बसवू नये, ही अट मी आधी या मागणीत लिहिली होती. नंतर खोडली. मनाला अजून पटत नाही, कारण तीन मित्र एका गाडीवर बसले की पुढच्याच्या डोक्यात काय होतं ते मी रोज बघतो. पण आमच्याकडे मागे बसणारं माणूस बहुतेक वेळा मित्र नसतं. ती आई असते. तिला उतरवून ठेवायची अट मला लिहिता येईना.

‘पाळणार कोण?’ हे मला पारावर तिघांनी विचारलं. खरंय, नसरापूरच्या पुढे वाहतूक पोलीस रोज दिसत नाही. पण जिथे गाडी विकली जाते तिथे काउंटर असतो, जिथे कर्ज मंजूर होतं तिथे टेबल असतं, जिथे विमा निघतो तिथे कॉम्प्युटर असतो. परवान्याची तारीख आणि गाडीची ताकद या दोन गोष्टी तिथल्या तिथे ताडून बघायला पोलीस लागत नाही. आणि अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो, एवढं नुसतं कळलं तरी बाप दहा वेळा विचार करील. माझा भाऊ तरी करील, त्याला मी ओळखतो.

शनिवार-रविवारी पावसात पुण्याहून गाड्यांचे थवे येतात, मढे घाटाला, तोरण्याच्या पायथ्याला, भाटघरच्या पाण्याकाठी. मोठ्या गाड्या, महागडी जॅकेटं. आमची पोरं मार्गासनीच्या फाट्यावर उभी राहून बघतात. त्या गाड्यांवरचे काही जण दहा वर्षं चालवून तिथवर आलेले असतात आणि ते बघताक्षणी कळतं, वळणाच्या आधीच त्यांचा वेग उतरलेला असतो. काही जण कालचेच असतात. फाट्यावरच्या पोराला दोघांतला फरक दिसत नाही, त्याला फक्त आवाज ऐकू येतो. म्हणून मी पुतण्याला एका रविवारी फाट्यावर माझ्याशेजारी बसवलं, चहा सांगितला आणि म्हटलं, गाडीकडे बघू नकोस, ब्रेक-लाइट कुठे लागतो ते बघ. तासाभरात तो स्वतःच सांगायला लागला. ‘हा येणारे नीट.’ ‘ह्याचा उशिरा लागला.’

परवा रात्री जेवणं झाल्यावर भाऊ, मी आणि पोरगा ओसरीवर बसलो. भावानं शोरूममध्ये पाच हजार टोकन भरून ठेवले होते, मला न सांगता. मी रागावलो नाही. भावाला म्हटलं, पैसे परत आण, मिळतील तेवढे. पोराला म्हटलं, दोन वर्षं ही ९७ सीसीची. हेल्मेट मी घेतो, चांगलं, तुझ्या मापाचं. घाटात न्यूट्रल नाही. दोन वर्षांनी दिवाळीला तू, तुझा बाप आणि मी तिघं शोरूमला जाऊ.

तो बराच वेळ बोलला नाही. नखानं ओसरीचा पोपडा काढत बसला. मग म्हणाला, ‘लिहून द्या.’

मी त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहून दिलं. भावानं खाली सही केली. आजीनं अंगठा उठवायची तयारी दाखवली, पण तिला सही येते, म्हणून तिचीही सही घेतली. पोरानं ते पान फाडून घडी घातली आणि परवान्याच्या पाकिटात ठेवलं.

आज सकाळी साडेपाचला मला किकचा आवाज आला. पहिल्याला नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला गाडी सुरू झाली. किटली डाव्या बाजूला अडकवलेली होती. फाटकापाशी तो थांबला, हेल्मेटचा पट्टा लावला, आणि उताराला गाडी सेकंडमध्येच उतरली.